सरहद्दीपलीकडचे मेज

कोकणातल्या जुन्या पिढीच्या माणसाला, समुद्रावर कशासाठी जाता, असा प्रश्न कोणी केला असता, तर मासळी आणावयास, आगबोट गाठावयास, अस्थी सोडावयास किंवा नारळी पौर्णिमेला नारळ वाहावयास, अशी उत्तरे त्याने विनासायास दिली असती. परंतु पत्नीसह चार दिवस नुसते बसून राहण्यासाठी, परक्याच्या हातचे ताजे मासे खाण्यासाठी आणि खाताना द्राक्षाचे मद्य पेल्यात ओतून घेण्यासाठी, हे उत्तर त्याच्या स्वप्नातही आले नसते. आज मुंबई-पुण्याचे नवपरिणीत, आणि नवपरिणीतच कशाला, लग्नाला पंचवीस वर्षे झालेले दांपत्यही, कळंगुट किंवा कोलवा येथे जाऊन हेच करते आणि त्यात आपण काही नवलाचे करीत आहोत असे त्यास मुळीच वाटत नाही. एखादी रूढी इतकी अंगवळणी पडली, की ती निसर्गानेच घालून दिली असावी असा भास होऊ लागतो. समुद्र आहे, सूर्यास्त आहे, तेव्हा दोन खुर्च्या आणि एक बाटली ही ओघानेच आली, असे आपण मानतो. वस्तुतः या मेजाच्या इतिहासात समुद्राकडे निमित्तापलीकडे फारसे कर्तृत्व नाही. ते मेज मांडले अबकारीच्या कायद्यांनी, दोन राज्यांमधल्या सरहद्दीने, आगबोटींवरच्या खानसाम्यांनी आणि मराठी घरातल्या पंक्तीचे नियम हळूहळू ढिले पडले त्या ढिलाईने.

युरोपातदेखील समुद्रकिनारा आधी वैद्यांचा होता, रसिकांचा मागाहून झाला. १७५० साली रिचर्ड रसेल नावाच्या इंग्रज वैद्याने समुद्राच्या पाण्याने ग्रंथिविकार बरे होतात असे प्रतिपादन करणारा लॅटिन ग्रंथ लिहिला, आणि तेव्हापासून ब्रायटन या मासेमारी करणाऱ्या खेड्यात श्रीमंत रोगी खारे पाणी अंगावर घेण्यासाठी, आणि हे वाचताना आजही तोंड वाकडे होते, ते पिण्यासाठीही जाऊ लागले. परंतु हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजाने समुद्राकडे पाठ फिरवून डोंगर धरला. महाबळेश्वरी माल्कम साहेबाने पेठ वसविली, १८५० मध्ये मॅलेट साहेबाच्या दृष्टीस माथेरान पडले, आणि साहेबाचे पाहून हवा बदलण्यास जाऊ लागलेल्या आपल्या पांढरपेशा वर्गानेही तीच वाट धरली. त्यामुळे मराठी मधुचंद्र पुष्कळ काळ लाल मातीच्या घाटमाथ्यावर, स्ट्रॉबेरी आणि चणे यांच्या संगतीत पार पडला. समुद्रकाठच्या सुखाचा धडा आपण इंग्रजाकडून घेतला नाही. तो घेतला शेजारच्या फिरंगाण्याकडून, म्हणजे पोर्तुगीजांच्या गोव्याकडून, आणि तोही बराच उशिरा.

फिरंगाण्याची गोष्ट १५१० पासून सुरू होते. त्या साली आल्बुकेर्कने गोवे घेतले आणि पुढे शतकाच्या आत मांडवीच्या काठी ते वैभवशाली नगर उभे राहिले, ज्याच्या चर्चांचे तेवढे सांगाडे आज जुन्या गोव्यात पाहावयास मिळतात. १५८३ ते १५८८ या काळात तेथे आर्चबिशपच्या पदरी राहिलेल्या यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन या डच तरुणाने त्या नगरातल्या राहणीचे जे वर्णन करून ठेवले आहे, ते वाचताना एका गोष्टीचे नवल वाटते, ते असे की, त्या विलासी शहरात पती-पत्नींनी चारचौघांत एकत्र बसून जेवण्याची कल्पनाच नव्हती. पोर्तुगीज गृहस्थाची बायको घरात पडद्याआड असे, बाहेर निघालीच तर झाकलेल्या पालखीतून चर्चपर्यंत जाई; आणि या बंदोबस्ताचा सूड म्हणून काही स्त्रिया नवऱ्याला धोतरा चारून बेशुद्ध करीत व मग आपल्या प्रियकरास घरात घेत, असेही हा लिन्सखोटेन मोठ्या चवीने सांगतो. त्यात तिखटमीठ किती, हे ज्याने त्याने ठरवावे. त्याने टिपलेली दुसरी एक बारीकशी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. गोव्यात मुरलेले पोर्तुगीज लोक मातीच्या झारीला ओठ न लावता, तोंडावर धरलेली धार वरून घशात सोडून पाणी पीत. ही शिकवण अर्थातच आपल्याकडच्या सोवळ्याची. आणि लिस्बनहून नुकत्याच उतरलेल्या नवख्या शिपायाच्या छातीवर ते पाणी सांडले म्हणजे जुने लोक त्याला हसत. जिंकणाऱ्याने जिंकलेल्याचे उष्टे-खरकटे पाळावे, असा हा चमत्कार होता.

पाणी येथले, पण मद्य तिकडले. लिस्बनहून वसंतात निघालेली जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून सुमारे सहा महिन्यांनी मांडवीच्या मुखाशी येत आणि त्यांच्या पोटात, चर्चमधल्या प्रार्थनाविधीसाठी व अंमलदारांच्या मेजासाठी, मद्याची पिंपे असत. पुष्कळसे मद्य वाटेतल्या उष्म्याने नासून आंबट होई. परंतु अटलांटिक महासागरातल्या मदैरा बेटावरचे मद्य विषुववृत्त ओलांडून, जहाजाच्या तळाशी उबत आणि हिंदकळत राहून उलट अधिक स्वादिष्ट होते, असा अनुभव पुढे व्यापाऱ्यांना आला आणि मग ते मद्य मुद्दाम हिंदुस्थानची फेरी करवून परत युरोपात आणून चढ्या भावाने विकले जाऊ लागले. म्हणजे गोव्याच्या बंदराला ज्यांनी पाय लावला अशा पिंपांना लिस्बन-लंडनमध्ये प्रतिष्ठा होती. तथापि द्राक्षाचे हे मद्य गोव्याच्या सामान्य माणसाच्या ओठाला क्वचितच लागले. आर्द्र हवेत ती द्राक्षे होत नाहीत. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी सणावारी बाटली उघडली जाई, पाद्रीबाबाच्या हाती ती असे. बाकी गावाची तहान माडाच्या सुरीने, म्हणजे माडीने, आणि पुढे काजूच्या फेणीने भागविली.

काजूही फिरंग्यानेच ब्राझीलहून आणून लावला, हे आता सर्वश्रुत आहे. फेणीची भाटी ज्याने पाहिली नसेल त्याने एकदा चैत्र-वैशाखात सत्तरी किंवा काणकोण महालातल्या एखाद्या उतारावर जाऊन ती अवश्य पाहावी. झाडावरून आपोआप गळून पडलेले बोंडूच घ्यावयाचे, तोडून काढावयाचे नाहीत, हा पहिला नियम. बी पिळून वेगळी केल्यावर ते पिवळे-तांबडे बोंडू कोळंबीत, म्हणजे कातळात खोदलेल्या उथळ कुंडात टाकून पायांनी तुडवितात. मग त्या चोथ्याचा ढीग वेलाने आवळून त्यावर धोंडे ठेवले, की जो रस आपल्या वजनाने थेंब थेंब गळतो तो नीरो, आणि तो लहान पोरांनीही प्यावा इतका निष्पाप. तुडवून निघालेला रस मात्र मडक्यांत दोन-तीन दिवस फसफसू द्यावयाचा, नंतर भाणात, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या भांड्यात, घालून खाली लाकडे पेटवावयाची, सांधे वारुळाच्या मातीने लिंपावयाचे आणि वाफ ज्या मडक्यात उतरते त्या लावणीवर गार पाणी ओतीत बसावयाचे. पहिल्या उतारीत येतो तो सौम्य उर्राक. तो फिरून चढविल्यावर फेणी. हिचा वास कपड्यांना लागला म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही. पर्यटकांसाठी तिच्यात लिंबू आणि गोड सोडा घालण्याची जी चाल हल्ली पडली आहे ती मला तरी भ्याडपणाची वाटते. पण हा माझा आग्रह नव्हे.

या सुरी-फेणीवर सरकारची नजर गेली ती एकोणिसाव्या शतकात. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा झाला आणि ताडामाडाच्या प्रत्येक झाडावर कर बसून भंडारी समाजाच्या पिढीजात धंद्याची मान सरकारी परवान्यात अडकली. त्याच साली २६ डिसेंबर रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात जो तह झाला त्याच्या कलमांत गोव्याचे मीठ आणि गोव्याची अबकारी ही दोन्ही प्रकरणे आली. जकातीची सरहद्द काढून टाकावी, मुरगाव बंदरास रेल्वे जोडावी आणि मिठाचा मक्ता इंग्रजांकडे जाऊन त्याबद्दल गोव्याच्या खजिन्यास वार्षिक ४ लक्ष रुपये मिळावेत, असा हा सौदा होता. मिठागरांत इंग्रजी बंदोबस्त आला, रेंदेरांवर, म्हणजे माडाची सुरी काढणाऱ्यांवर, कर वाढला, गावोगाव कुरकुर झाली. आणि १८९२ च्या आरंभी हा तह संपुष्टात आला तेव्हा जकातीचे नाके पूर्ववत उभे राहिले. मद्य एकीकडे स्वस्त आणि दुसरीकडे महाग, एकीकडे मोकळे आणि दुसरीकडे परवान्याचे, ही जी पुढच्या काळाची गुरुकिल्ली, ती तेव्हाच घडविली गेली. मुरगावची रेल्वे मात्र राहिली.

आता किनाऱ्याकडे येऊ. गोव्यातील ख्रिस्ती भाटकार कुटुंबांत मे महिन्यात समुद्रावर राहावयास जाण्याची एक रीत होती. तिला ते पोर्तुगीजीत 'मुदांसा', म्हणजे हवापालट, म्हणत. मडगावकर कोलव्यास जात, बार्देशातले कळंगुटास. बैलगाड्यांवर गाद्या, तांब्याची भांडी, लोणच्याच्या बरण्या, तांदळाची पोती आणि स्वयंपाकीण असा सारा संसार लादून निघावयाचे, तेथे स्वतःच्या बंगलीत किंवा कोळ्याच्या रिकाम्या करून घेतलेल्या घरात उतरावयाचे, सकाळी खाऱ्या पाण्यात डुंबून अंगदुखी घालवावयाची आणि पावसाची चाहूल लागताच गाशा गुंडाळावयाचा, असा हा क्रम. हिंदू घरांतूनही वैशाखात खाऱ्या पाण्याचे स्नान आरोग्यदायक मानीत, फक्त मुक्काम आटोपशीर असे. या रीतीत आजच्या सहलीचे बीज आहे हे खरे; पण बीज आणि झाड यांच्यात जेवढे साम्य असते तेवढेच ते आहे. मुदांसा कुटुंबाची होती. आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे एका छपराखाली, जेवण घरच्याच चुलीवरचे, आणि संध्याकाळी वाळूवर फिरावयास निघालेल्या तरुण-तरुणींच्या चार पावले मागे कोणी तरी वडीलधारी आत्या किंवा मावशी. विवाह जुळत तेथे पुष्कळ. परंतु जुळलेल्या दोघांनी एकटे बसावे अशी जागा त्या लांबलचक किनाऱ्यावर कोठेही नव्हती. भोजनगृहे म्हणाल तर तीही नव्हती. गावात ताव्हेर्न होते, तेथे पुरुष जात, उभ्या-उभ्या एक पेला घेत आणि एखादा तळलेला बांगडा तोंडी लावून घरी परतत.

इकडे देशावर आणि मुंबईत काय चालले होते? १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली, तेथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली, कोणी ती घेतली, कोणी पेल्याला नुसता हात लावला, आणि पुढे ती नावे छापून आल्यावर त्या चहाच्या पेल्यात जे वादळ उठले त्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखेही सापडले. शंकराचार्यांपर्यंत खटला गेला, प्रायश्चित्ते ठरली. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत या प्रकरणाने घरात किती मनस्ताप झाला याचे वर्णन आहे. परक्याच्या हातचा चहा जेथे ग्रामण्य उभे करतो, तेथे परक्याच्या हातच्या जेवणाची वार्ता काढावयास नको. आणि फिरंग्याचा पाव तर विचारूच नये, कारण विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा वसईपासून कारवारपर्यंत प्रत्येक आजीला पाठ होत्या.

जेवण आणि पत्नी यांचा संबंधही आपल्याकडे निराळाच होता. नवऱ्याचे ताट आधी, तिचे मागून. ती वाढणारी, तो जेवणारा. बाहेर जेवावयाचे म्हणजे खानावळीत, आणि खानावळ ही ज्याची बायको गावी आहे त्या गिरणकामगाराची, विद्यार्थ्याची आणि कारकुनाची सोय. सुखाचा तेथे संबंध नव्हता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांतून आणि इराण्याच्या दुकानांतून 'फॅमिली रूम' निघाल्या. लाकडी फळ्यांची ती अर्धी खोली, झुलते दार किंवा मळका पडदा, संगमरवरी टेबलाच्या दोन बाजूंना दोन बाकडी, वर टांगलेला दिवा आणि बाहेरून पोऱ्याचा पडद्याआडूनच येणारा प्रश्न. या खुराड्यात मराठी जोडपे पहिल्यांदा समोरासमोर बसून जेवले, निदान बटाटावडा तरी खाल्ला. त्या पडद्याची आज थट्टा करणे सोपे आहे. परंतु ज्या स्त्रीने घरात कधी नवऱ्याच्या समोर घास घेतला नव्हता, तिला त्या पडद्याने केवढा आधार दिला असेल! समुद्रकाठचे उघडे मेज या पडद्यामागूनच निघाले, असे माझे मत आहे. फक्त त्याला सरहद्द ओलांडावी लागली.

ओलांडावी लागली, कारण मुंबई राज्याने दारूबंदी केली. तिचा पहिला प्रयोग खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात केला होता, तो महायुद्ध सुरू होऊन मंत्रिमंडळ गेले त्या धामधुमीत विरून गेला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी आली. १९५१ साली बलसारा नामक नागरिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यापुरता तो कायदा छाटला, पण मूळ खोड कायम ठेवले. ज्याला पिणे भाग आहे त्याने डॉक्टरचा दाखला आणून आरोग्य-परवाना काढावा, असा नियम झाला. आणि आपल्या शहरातल्या अनेक धडधाकट सद्गृहस्थांच्या प्रकृतीत एकाएकी असाध्य बिघाड उत्पन्न झाले. उरलेल्यांसाठी गल्लीबोळांतले गुत्ते होते, जेथे सायकलच्या ट्यूबमधून आलेली हातभट्टी मिळे. घरंदाज स्त्री तेथे पाऊल टाकणे शक्य नव्हते. मद्य आणि पती-पत्नींचे मेज यांची जी गाठ युरोपात स्वाभाविकपणे पडली, ती मुंबई राज्यात कायद्याने तोडून मद्याला फक्त पुरुषांच्या अंधाऱ्या खोलीत ढकलले, हा त्या बंदीचा परिणाम तिच्या पुरस्कर्त्यांना अभिप्रेत नसावा. पण झाला तो असा.

त्याच वेळी दोडामार्ग-बांद्याच्या पलीकडे पोर्तुगालची वाइन मुक्तपणे मिळत होती. तरी मुंबईकर जोडप्याला ती दुर्लभच राहिली. कारण गोवामुक्तीचा लढा पेटला होता. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलचा किल्ला घेऊन त्यावर तिरंगा फडकविला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन अनेक जण हुतात्मे झाले, आणि त्यानंतर भारत सरकारने सरहद्द बंद केली, गाड्या थांबविल्या, आगबोटी थांबविल्या. ही नाकेबंदी सहा वर्षे चालली. गोव्याच्या बाजारात या काळात बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, वाइन पोर्तुगालची, असा सारा दूरदेशचा माल असे. लोहखनिजाच्या निर्यातीने पैसा होता, आणि पैसा होता म्हणून आयात होती. जवळ होता तो सावंतवाडीचा भाजीवाला, आणि तोच परका झाला होता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि पणजी-मडगावच्या दुकानांत शिरलेल्या पाहुण्यांनी काचेच्या कपाटांत रचलेल्या स्कॉच आणि पोर्तुगीज मद्याच्या बाटल्या, सुगंधी साबण व डबाबंद चीज पाहून डोळे विस्फारले. तो साठा लवकरच संपला. भारताचे आयात-निर्बंध लागू झाल्यावर लिस्बनची वाइन यावयाची थांबली आणि तिच्या जागी घाटावरून आणलेल्या द्राक्षांपासून गोव्यातच केलेली गोड 'पोर्ट' आली, जिचे पोर्तुगीज पोर्टशी असलेले नाते नावापुरतेच. परंतु मद्य मोकळे राहिले, आणि हाच पुढे राजकारणाचा विषय झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या बाजूने, डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स विरुद्ध बाजूने. आणि भाषा, नोकऱ्या, अस्मिता या मोठ्या प्रश्नांच्या जोडीला विरोधकांच्या प्रचारात हाही प्रश्न होता की, विलीन झालात तर महाराष्ट्राची दारूबंदी येईल, मग रेंदेराने काय करावे आणि भाटीवाल्याने कोठे जावे? सुमारे ३४ हजार मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले. त्यात फेणीची मते किती, हे मोजता येण्यासारखे नाही, आणि केवळ मद्यासाठी गोवेकरांनी वेगळे राहणे पसंत केले असे म्हणणे हा त्यांच्या भाषाप्रेमावर अन्याय होईल. पण सरहद्द राहिली, आणि सरहद्दीसह दोन निराळे अबकारी कायदे राहिले, हे तर खरे. आज वेंगुर्ल्यापेक्षा कळंगुटात जोडप्यांची झुंबड का, मालवणची वाळू कोठे कमी पडली, असा प्रश्न सिंधुदुर्गातले लोक वैतागाने विचारतात. त्याचे पुष्कळसे उत्तर १९६७ च्या मतपेटीत आहे.

मुंबई-गोवा येणे-जाणे तेव्हा आगबोटीने होई. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली बोट जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दुसऱ्या दिवशी पणजीस लागे. पावसाळ्यात ती बंद. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या बोटींच्या डेकवर पथारी पसरून ज्यांनी रात्र काढली, त्यांना त्या प्रवासाचे नाव काढताच अजूनही डिझेलचा, ओल्या दोराचा आणि कोणाच्या तरी करंडीतल्या आंब्यांचा वास एकदम येतो. या बोटींवर आणि त्याहून मोठ्या, विलायतेस जाणाऱ्या जहाजांवर गोव्याचे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी करीत आले होते. मुंबईतल्या गावागावांच्या कुडांत, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, खाट मिळवून राहावयाचे, जहाज लागले की निघावयाचे, आणि भांडारी, खानसामा किंवा वाढपी म्हणून साहेबांच्या मेजाची चाकरी करावयाची. सूप आधी की मासा आधी, पांढऱ्या मद्याबरोबर काय आणि तांबड्याबरोबर काय, बाटलीचे बूच कसे काढावे, पाहुण्यापुढे किती वाकावे व कोठे थांबावे, हे सारे शास्त्र त्या माणसांच्या हातात होते. घरी परतलेल्या तारवट्याने अंगणात चार टेबले टाकली आणि बायकोच्या हातची आंबट-तिखट कढी, रेशाद मसाला भरलेला बांगडा, तिसऱ्यांचे सुके आणि पोई यांना मेजाची शिस्त लावली. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या भोजनगृहांचे कूळ मला या अंगणांत दिसते. पंचतारांकित हॉटेलांची पाकशाळा हे फार नंतरचे दत्तकविधान.

पुढचा भाग सर्वांच्या डोळ्यांदेखत घडला, तो भरभर सांगितलेला बरा. साठीच्या दशकाच्या अखेरीस कळंगुट, बागा आणि हणजूण येथे पाश्चात्त्य हिप्पी आले. त्यांच्या भुकेसाठी माडाच्या झावळ्यांची आणि बांबूंची खोपटी उभी राहिली, तीच आजचे शॅक, जे सरकारी परवान्यावर आश्विनाच्या सुमारास उभारावयाचे आणि पावसापूर्वी मोडावयाचे असतात. १९७४ साली आग्वादच्या जुन्या किल्ल्याला खेटून ताजचे हॉटेल उघडले. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुलातील देशांचे प्रमुख विश्रांतीस तेथे आले आणि इंदिराबाईंबरोबर थॅचरबाईंची छायाचित्रे जगभर गेली. 'एक दूजे के लिये' या १९८१ च्या चित्रपटाने दोनापावलचा धक्का प्रेमिकांचे तीर्थ केले. त्या कथेत अखेरीस नायक-नायिका दोघेही मरतात, ही गोष्ट मधुचंद्राला जाणाऱ्यांनी मनावर घेतलेली दिसत नाही. ऐंशीच्या दशकात युरोपातून चार्टर विमाने येऊ लागली, २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे अखंड धावू लागली, आणि शुक्रवारी रात्री निघून सोमवारी कचेरीत हजर होणारा नवा प्रवासी जन्मास आला. त्याच्याबरोबर त्याची पत्नी होती, तिला स्वतःचा पगार होता, आणि जेवण काय मागवावयाचे हे तीही ठरवीत होती. शॅकला पडदा नव्हता.

राहता राहिली बाटलीतली वाइन. तिचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. चारशे वर्षे जी लिस्बनहून गोव्यास आली, ती आता नाशकाहून येते. ऐंशीच्या दशकात नारायणगावी शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने फेसाळ मद्य करावयास आरंभ केला. विसाव्या शतकाच्या अखेरीस गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंतांनी सुला उभी केली. आणि २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर करून वाइनला इतर मद्यांपासून निराळे, शेतमालाच्या पंक्तीत बसविले. ज्या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी दारूबंदी केली तेच राज्य द्राक्षबागाईतदारासाठी मद्याचा पाठपुरावा करू लागले. साठीच्या दशकापासून सैल होत गेलेला १९४९ चा कायदा मात्र रद्द झालेला नाही. कागदोपत्री महाराष्ट्रात मद्य घेणाऱ्याजवळ आजही वैयक्तिक परवाना असावा लागतो, आणि तारकर्लीच्या खोलीत बसून पेला उचलणाऱ्या जोडप्याने तो खिशात ठेवला आहे की नाही हे कोणी पाहावयास येत नाही, एवढेच. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने केला, त्यावर चौफेर टीकेचे मोहोळ उठले आणि तो निर्णय अमलात आला नाही.

सावंतवाडीच्या सावंतांनी बांधलेला आणि १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला तेरेखोलचा किल्ला पुढे हॉटेल झाला. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असूनही तो गोव्यात मोडतो. पाठीशी लागून असलेले रेडी गाव महाराष्ट्रात. तटावरच्या मेजाशी बसून नाशकाची पांढरी वाइन आणि तव्यावर परतलेला विसवण घेणारे जोडपे कोठल्या कायद्याखाली बसले आहे, हे त्या भिंतीवरून ठरते. तीच बाटली, तिच्यावर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' अशी चिठ्ठी असते, स्वस्त पडली म्हणून त्यांनी परतीच्या वाटेवर गाडीच्या मागच्या भागात दोन टॉवेलांत गुंडाळून ठेवली, तर बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर उत्पादन शुल्क खात्याचा शिपाई ती बाहेर काढून रस्त्याच्या कडेला ठेवतो आणि वहीत नोंद करतो. द्राक्षे दिंडोरीची, कारखाना नाशकाचा, गाडी पुण्याची, पण परवान्याविना राज्यात आणलेला माल म्हणून मुद्देमाल जप्त.